कंपनी कोर्टात गेली, माझ्या शेअरचं काय?

यावेळी आलेल्या पत्रांमध्ये अर्ध्याहून जास्त प्रश्न एकाच विषयावरचे आहेत: नोटीस, केस, निकाल आणि त्यानंतर पडलेला (क्वचित चढलेला) शेअर. म्हणून बाकीचे, म्हणजे एसआयपी थांबवू का, सोनं घेऊ का वगैरे, पुढच्या अंकात घेतो. बहुतेकांनी नाव छापू नका म्हटलंय म्हणून कोणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न : माझ्याकडे एका मोठ्या कंपनीचे शेअर्स आहेत. मागच्या महिन्यात सकाळी टीव्हीवर पट्टी आली की कंपनीवर ६०० कोटींचा दावा लागलाय. कंपनीची मार्केट कॅप (सगळ्या शेअर्सची मिळून बाजारातली किंमत) ४० हजार कोटींच्या आसपास आहे. शेअर त्या दिवशी ८ टक्के पडला, मी घाबरून अर्धे विकले. संध्याकाळी कंपनीने एक्स्चेंजला कळवलं की कामकाजावर फारसा परिणाम होणार नाही. ६०० कोटींसाठी शेअर एवढा कसा काय पडतो? आणि उरलेले ठेवू की विकू? (निवृत्त बँक कर्मचारी, गोरेगाव पूर्व)

उत्तर : काका, तुम्ही बँकेतले, तर आधी हिशोबच मांडू. ४० हजार कोटींचे ८ टक्के म्हणजे ३,२०० कोटी. दावा ६०० कोटींचा. कंपनी केस पूर्ण हरली, एक पैसा कमी न होता सगळे भरावे लागले, वर व्याज आणि वकिलांची फी धरली तरी हजाराच्या आसपास आटपेल, आणि बाजाराने मात्र एका दिवसात ३,२०० कोटी कापून टाकले. मग वरचे दोन-अडीच हजार कोटी कसले?

ते असतात अजून काय काय निघेल याचे. एक दावा आला की त्याच्या मागे तसेच आणखी येतील का, मोठं गिऱ्हाईक दूर जाईल का, रेटिंगवाले खाली आणतील का, बँका कर्ज महाग करतील का, मोठे साहेब धंदा सोडून वकिलांच्या ऑफिसात बसणार का. यातलं काही होईलच असं नाही पण होणार नाही हेही कोणी छातीठोक सांगू शकत नाही, आणि बाजार त्या न सांगता येण्याचेच पैसे कापतो. आपल्याकडे रिडेव्हलपमेंटला निघालेल्या बिल्डिंगवर कोर्टाचा स्टे असला की काय होतं ते बघा, फ्लॅट तोच, स्टेशनपासूनचं अंतर तेच, पण गिऱ्हाईक भाव पाडूनच मागतं कारण ताबा कधी मिळणार ते कोणालाच माहीत नाही. त्यात पहिल्या तासात ज्यांचे स्टॉप लॉस, म्हणजे ठरलेल्या भावाखाली गेला की विका अशा ऑर्डरी, लागलेले असतात ते आपोआप विकले जातात, त्यांच्यामुळे अजून पडतो, ते बघून तुमच्यासारखे विकतात, आणि टीव्हीवाले म्हणतात बघा दाव्यामुळे पडला.

आता खरं उदाहरण घेऊ, आपल्या मुंबईतल्याच कंपनीचं. २२ जानेवारी २०२४ ला सोनीने झीबरोबरचं मर्जर (विलीनीकरण) मोडलं, आणि वर झीकडे ९ कोटी डॉलर, म्हणजे साधारण ७५० कोटी रुपये, टर्मिनेशन फी (करार मोडल्याची भरपाई) मागितली. दुसऱ्या दिवशी झीचा शेअर ३० टक्क्यांच्या आसपास आपटला, म्हणजे मार्केट कॅपमधून साडेसहा-सात हजार कोटी गेले. मागणी ७५० ची, नुकसान त्याच्या नऊपट. पुढे ऑगस्टमध्ये दोघांनी मिटवलं, कोणी कोणाला काही द्यायचं नाही, सगळे दावे मागे, त्या दिवशी शेअर दहा टक्क्यांहून जास्त उसळला पण मर्जर मोडायच्या आधीच्या भावाच्या जवळपासही पोचला नाही. का? कारण दावा मिटला तरी मर्जर काही परत आलं नाही, आणि बाजार रडत होता तो मर्जरसाठी. कोर्टातली रक्कम फक्त पेपरात छापायला सोयीची असते हो.

मॅगीचं तर सगळ्यांना आठवत असेल. जून २०१५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बंदी घातली, नेस्ले इंडियाला एप्रिल ते जून या तिमाहीत चक्क ६४ कोटींच्या आसपास तोटा झाला, हजारो टन मॅगी जाळून नष्ट करावी लागली. ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाने बंदी रद्द केली, नोव्हेंबरात मॅगी दुकानात परत. सरकारने त्याच वर्षी ग्राहक आयोगात ६४० कोटींचा दावाही लावला होता, तो २०२४ मध्ये फेटाळला गेला, आणि तुमच्या ओळखीत किती जणांना हे माहीत आहे विचारून बघा. कोणालाच नाही. कारण शेअर ६४० कोटींसाठी पडलाच नव्हता, तो पडला पोरं परत मॅगी खातील का या भीतीने, आणि पोरांनी खाल्ली. तिथून पुढच्या वर्षांत शेअर कुठल्या कुठे गेला.

पण म्हणून प्रत्येक वेळी थांबलं की भरून येतं असं समजू नका. २४ ऑक्टोबर २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा एजीआर निकाल घ्या. टेलिकॉम कंपन्यांनी सरकारला जो वाटा द्यायचा तो कुठल्या उत्पन्नावर मोजायचा यावरून वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं, कोर्टाने सरकारची बाजू उचलून धरली. व्होडाफोन आयडियाने त्या तिमाहीत ५०,९२२ कोटींचा तोटा दाखवला, तोपर्यंत देशातल्या कुठल्याही कंपनीने एका तिमाहीत एवढा तोटा दाखवला नव्हता. एअरटेलने त्याच निकालापायी २३,०४५ कोटींचा तोटा दाखवला. निकाल एक, दिवस एक, कोर्ट एक. आणि पुढे? एअरटेलचा शेअर पुढच्या काही महिन्यांत वर गेला, कारण डिसेंबरात सगळ्यांनीच रिचार्जचे दर वाढवले आणि समोरचा स्पर्धक गळपटल्यामुळे त्याची गिऱ्हाइकं हिच्याकडे यायला लागली. व्होडाफोन आयडियाकडे मात्र हप्ते भरायलाच पैसे नव्हते, सरकारची थकबाकी शेअर्समध्ये बदलत बदलत आज सरकारच तिचा सर्वात मोठा भागधारक आहे. म्हणजे केस सोसायची ताकद कंपनीच्या अंगात आहे का, हा प्रश्न केस काय आहे याच्याइतकाच मोठा.

तर उरलेले शेअर. दावा कशाबद्दल आहे ते आधी शोधा. जुन्या कंत्राटाचं बिल, एखाद्या वर्षाचा टॅक्स, माजी डीलरशी वाद, असलं काही असेल तर कंपनीचं कर्ज किती आहे एवढं बघून स्वस्थ बसा. पण मुख्य प्रॉडक्टवर, लायसन्सवर, पेटंटवर किंवा कारखान्याच्या जागेच्या मालकीवर असेल, किंवा हिशोबच खोटे लिहिल्याचा आरोप असेल, तर रक्कम ६०० असो की ६०, मी तरी उरलेले ठेवणार नाही. आणि ते 'फारसा परिणाम नाही' वालं वाक्य प्रत्येक कंपनी लिहिते, कंपनी सेक्रेटरीच्या कॉम्प्युटरमध्ये ते तयारच असतं, त्यावर ना घाबरायचं ना खूश व्हायचं.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे, वर्षभर ट्रेडिंग करतोय. निकालाची तारीख माहीत असेल आणि कंपनी जिंकणार असं सगळे म्हणत असतील तर आदल्या दिवशी शेअर घेऊन ठेवायचा, जिंकली की विकायचा, यात काय चूक आहे? (गिरगाव)

उत्तर : सगळे म्हणत असतील, हेच चुकतंय मित्रा. सगळे म्हणतायत म्हणजे ते भावात आधीच आलेलं आहे. समज शेअर १०० ला आहे, जिंकली तर ११० होईल, हरली तर ७०, आणि जिंकायची शक्यता चारात तीन. आता कर हिशोब. ११० चे पाऊण म्हणजे साडेब्याऐंशी, ७० चा पाव म्हणजे साडेसतरा, बेरीज बरोबर १००. म्हणजे बाजाराने आजच सगळं धरून ठेवलंय, तुला चारात तीन वेळा दहा रुपये मिळणार आणि चौथ्या वेळी तीस एकदम जाणार, आणि ब्रोकरेज, टॅक्स तुझ्या खिशातून. याला ट्रेडिंग म्हण नाहीतर काहीही म्हण.

आणि जिंकली म्हणजे नक्की काय? हे तर ऐकच. घाटकोपर-वर्सोवा मेट्रोने जातोस ना कधी, ती ज्या रिलायन्स इन्फ्राने उभी केली तिच्याच एका उपकंपनीकडे दिल्लीची एअरपोर्ट मेट्रो लाइन होती, ती सोडून दिल्यावरून दिल्ली मेट्रोशी भांडण लागलं. २०१७ मध्ये लवादाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, मग हायकोर्टात एकदा टिकला, एकदा रद्द झाला, मग सप्टेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत कंपनीला जिंकवलं, फेरविचार याचिकाही फेटाळली. आता याच्यापुढे काय राहिलं? सगळ्यांनी तेच म्हटलं. व्याज चढत चढत रक्कम आठ हजार कोटींच्या घरात गेली, कंपनी कर्जात बुडालेली, त्यामुळे लोक त्या पैशांकडे डोळे लावून बसलेले. आणि १० एप्रिल २०२४ ला त्याच सुप्रीम कोर्टाने क्युरेटिव्ह याचिकेवर (फेरविचारही फेटाळल्यावर उरते ती अगदी शेवटची याचिका) आपलाच निकाल फिरवला, लवादाचा निवाडा रद्द, आधी मिळालेले पैसेही परत करा. शेअर त्या दिवशी सरळ २० टक्के खाली.

क्युरेटिव्ह याचिका हजारात एखादी यशस्वी होत असेल, आणि ती झाली की मग दुसऱ्यांना पण आशा लागते. व्होडाफोन आयडियानेही एजीआरवर क्युरेटिव्ह टाकलेली होती, दिल्ली मेट्रोचं बघून बाजारात कुजबुज सुरू झाली की हिचंही काम होणार, शेअरमध्ये त्या आशेचे पैसे भरले गेले, आणि १९ सप्टेंबर २०२४ ला ती फेटाळल्याचं कळल्यावर एका दिवसात १९-२० टक्के गेले. पाच महिन्यांपूर्वी एप्रिलमध्ये तिचा एफपीओ (आधीच लिस्ट असलेल्या कंपनीची नवीन शेअरविक्री) ११ रुपयांनी आला होता, भाव त्याच्याही खाली. कंपनीची देणी त्या दिवशी एक रुपयाने वाढलेली नव्हती हे लक्षात घे, गेली ती फक्त आशा.

शिवाय जिंकणाऱ्याला सगळे मिळतातच असंही नाही. अमेरिकेत १९८५ मध्ये टेक्सॅको नावाच्या प्रचंड तेल कंपनीविरुद्ध पेन्झॉइलने १० अब्ज डॉलरच्या वरचा निकाल मिळवला. टेक्सॅकोने १९८७ मध्ये दिवाळखोरी अर्ज टाकला, शेवटी ३ अब्जांवर मिटलं. मजा अशी की त्या काळात टेक्सॅकोच्या भागधारकांचं जेवढं गेलं तेवढं पेन्झॉइलच्या भागधारकांना मिळालंच नाही, मधल्या मध्ये बरंच वाफ होऊन गेलं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते काही उगाच नाही, आणि तू तर दुसऱ्याच्या केसवर पैसे लावून चढायला निघालायस.

प्रश्न : कंपनीवर सेबीची ऑर्डर आली, मी लगेच शेअर विकायला टाकले पण रोज ऑर्डर तशीच पडून राहते, विकलेच जात नाहीत. ब्रोकर काही गडबड करतोय का? (नालासोपारा)

उत्तर : नाही हो, लोअर सर्किट लागलंय. स्टॉकला २, ५, १० किंवा २० टक्क्यांची मर्यादा असते, तिथे भाव पोचला की त्याखाली सौदा होत नाही आणि त्या भावाला घेणारा कोणी नसतो. सेबीने १५ एप्रिल २०२५ ला जेनसोल इंजिनिअरिंगवर अंतरिम आदेश काढला, त्यानंतर तो शेअर दिवसामागून दिवस सर्किटला बसून होता, आदल्या वर्षी जो हजारावर होता तो दोन आकड्यांत आला. ज्या शेअर्समध्ये फ्युचर्स-ऑप्शन्स चालतात त्यांना अशी पक्की मर्यादा नसते, ते एका दिवसात कितीही पडू शकतात पण निदान विकता तरी येतात. मला विचाराल तर ते परवडलं. सकाळी नऊच्या प्री-ओपनमध्येच ऑर्डर टाकून ठेवा, रांगेत पुढे राहाल, याच्यापलीकडे उपाय नाही.

प्रश्न : मी गृहिणी आहे, घरचे शेअर्स मीच बघते. कंपनीवर कुठल्या केसेस चालू आहेत ते शेअर घ्यायच्या आधीच कळायचा काही मार्ग आहे का? प्रत्येक वेळी टीव्हीवरच कळायचं का? (विलेपार्ले)

उत्तर : ताई, या अंकातला सगळ्यात कामाचा प्रश्न तुमचा आहे, आणि उत्तर फुकटात मिळतं. कंपनीच्या वेबसाइटवरून किंवा बीएसईच्या साइटवरून वार्षिक अहवाल उतरवा. तीन-चारशे पानांचा असतो, सगळा वाचायचा नाही, पहिली दीडशे पानं तर चेअरमनचे फोटो आणि झाडं लावल्याची माहिती. सरळ 'कंटिन्जंट लायबिलिटीज' हे शब्द सर्च करा.

तिथे काय असतं ते सांगते. हिशोबाचा नियम असा आहे की केस हरायची शक्यता जास्त आहे असं कंपनीला वाटलं आणि रकमेचा अंदाज करता आला तर तेवढी तरतूद करायची, म्हणजे नफ्यातून आत्ताच वजा. हरू शकतो पण बहुधा हरणार नाही असं वाटलं तर नफ्याला हात लावायचा नाही, फक्त खाली टिपेत रक्कम लिहायची. आणि शक्यता अगदीच नगण्य वाटली तर तेही लिहायची गरज नाही. आता गोम लक्षात आली ना? 'वाटलं' म्हणजे कोणाला वाटलं, तर कंपनीच्याच मॅनेजमेंटला आणि तिच्या वकिलांना. ऑडिटर तपासतात, पण शेवटी अंदाज कंपनीचाच. म्हणून त्या टिपेत जी रक्कम 'क्लेम्स अगेन्स्ट द कंपनी नॉट अ‍ॅकनॉलेज्ड अ‍ॅज डेट' अशा नावाखाली असते, म्हणजे आमच्यावर दावे आहेत पण आम्ही ते देणं मानत नाही, ती मी नेहमी कंपनीच्या नेटवर्थशी (मालमत्तेतून देणी वजा केल्यावर उरतं ते) लावून बघते. पाच टक्के असेल तर पुढचं पान. तीस-चाळीस टक्के असेल तर थांबायचं आणि कशाचे दावे आहेत ते एकेक वाचायचं. गेल्या वर्षीचा आकडा बाजूलाच छापलेला असतो, एकदम वाढला असेल तर का वाढला ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे, एजीएम आता ऑनलाइन असतात, घरबसल्या प्रश्न टाकता येतो.

दुसरी जागा म्हणजे ऑडिटरच्या अहवालाला जोडलेलं परिशिष्ट. त्यात सरकारी देण्यांचा तक्ता असतो, कुठला कायदा, किती रक्कम, कुठल्या वर्षाची, आणि आत्ता कुठल्या पायरीवर अडकलंय, आयुक्तांकडे की ट्रिब्युनलला की हायकोर्टात. हा तक्ता मला फार आवडतो, यात भाषा फुलवायला जागाच नसते. बऱ्याच चांगल्या चांगल्या कंपन्यांचे पंधरा-वीस वर्षं जुने एक्साइजचे वाद तिथे निवांत पडलेले दिसतील, त्याने घाबरू नका, भारतात धंदा केला की ते चिकटतंच. आणि ऑडिटरने 'की ऑडिट मॅटर' म्हणून एखादी केस वेगळी काढून लिहिली असेल तर ती दोनदा वाचा, कारण त्याला पण तिथे घाम फुटलेला असतो.

नवीन आयपीओ घेत असाल तर आणखी सोपं, प्रॉस्पेक्टसमध्ये खटल्यांवर स्वतंत्र प्रकरणच असतं, कंपनीवरचे वेगळे, प्रमोटरवरचे वेगळे, डायरेक्टरवरचे वेगळे. प्रमोटरवरचे फौजदारी वाले नक्की वाचा. कंपनीवरचे दिवाणी दावे हा धंद्याचा भाग असतो, माणसावरचे फौजदारी खटले हा स्वभावाचा असू शकतो.

प्रश्न : कंपनीने आम्हाला फसवलं, खोटे आकडे दाखवले, आणि त्यामुळे शेअर पडून आमचे पैसे गेले, तर कंपनीवरच केस करून ते परत मिळतात का? अमेरिकेत मिळतात असं माझा मुलगा म्हणतो. (दादर पश्चिम)

उत्तर : मुलगा बरोबर बोलतोय, पण पुढची अर्धी गोष्ट त्याने सांगितलेली दिसत नाही. सत्यमचंच घ्या. ७ जानेवारी २००९ ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी हिशोब खोटे असल्याचं पत्र लिहिलं आणि शेअर एका दिवसात १७९ च्या आसपासवरून ४० वर आला. अमेरिकेत ज्यांनी तिचे एडीआर (तिथल्या बाजारात विकले जाणारे तिच्या शेअरचे कागद) घेतले होते त्यांनी तिथे क्लास अ‍ॅक्शन, म्हणजे सगळ्यांच्या वतीने एकच केस, केली आणि २०११ मध्ये कंपनीकडून साडेबारा कोटी डॉलर आणि ऑडिटर प्राइसवॉटरहाऊसकडून अडीच कोटींच्या वर डॉलर मिळवले. इथे दलाल स्ट्रीटवर तोच शेअर घेतलेल्या दादर-गिरगावच्या माणसाला काय मिळालं? काही नाही. आणि त्याच्याही वरची गोष्ट, ते साडेबारा कोटी डॉलर दिले कोणी? कंपनीने. म्हणजे शेअर धरून बसलेल्या याच माणसांच्या कंपनीच्या तिजोरीतून. आपलेच दात आपलेच ओठ. घोटाळा करणारा निघून गेलेला असतो आणि भरपाई एका भागधारकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जाते, मधे वकिलांचा वाटा कापून. म्हणून असल्या सेटलमेंटची बातमी आली की शेअर आणखी एकदा हलतो, बहुतेक वेळा वर, कारण निदान आकडा तरी कळला.

आपल्याकडे आता कायदा आहे. कंपनी कायदा २०१३ चं कलम २४५, ते १ जून २०१६ पासून लागू झालं. किमान १०० भागधारक किंवा एकूण भागधारकांच्या ५ टक्के, यातले जे कमी ते, किंवा लिस्टेड कंपनीत २ टक्के भांडवल असलेले लोक एकत्र येऊन एनसीएलटीत (कंपन्यांचे वाद बघणारं न्यायाधिकरण) जाऊ शकतात, आणि कंपनीकडूनच नव्हे तर डायरेक्टर आणि ऑडिटरकडूनही भरपाई मागू शकतात. डायरेक्टर आणि ऑडिटर हे दोन शब्द महत्त्वाचे, कंपनीकडून मागण्यात काय अर्थ आहे ते वर सांगितलंच. एक मेख आहे, बँकांना हे कलम लागू नाही. आणि २०१६ पासून वापर किती झाला म्हणाल तर २०२४ मध्ये जिंदाल पॉली फिल्म्सच्या छोट्या भागधारकांनी अर्ज केला तेव्हा अशी पहिलीच केस म्हणून पेपरात चर्चा झाली, यावरून समजा. शंभर माणसं जमवणं व्हॉट्सअ‍ॅपच्या जमान्यात अवघड नाही हो, अवघड आहे ते त्यांनी वर्षानुवर्षं वकिलाची फी भरत एकत्र राहणं. सोसायटीच्या मीटिंगला कोरम होत नाही आपल्याकडे.

प्रश्न : बातमी आपल्याला कळायच्या आधीच शेअर पडायला लागलेला असतो. कंपनीला केसची बातमी दाबून ठेवता येते का? (कल्याण)

उत्तर : नियमाने नाही येत. सेबीच्या नियमानुसार दाव्याची रक्कम ठराविक मर्यादेच्या वर असली, म्हणजे उलाढालीच्या २ टक्के, नेटवर्थच्या २ टक्के किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ५ टक्के यातली जी सर्वात कमी ती, तर एक्स्चेंजला कळवावंच लागतं. कंपनीबाहेर घडलेल्या गोष्टीसाठी २४ तास. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीवरच्या दाव्यांसाठी ती मुदत ७२ तासांपर्यंत वाढवली, अट एवढीच की ही माहिती कोणाकोणाला होती याची नोंद कंपनीने ठेवलेली असली पाहिजे. मला विचाराल तर ७२ तास फार झाले. तीन दिवसांत वकील, क्लार्क, झेरॉक्सवाला, सगळ्यांना कळून होतं.

आणि बातमी कंपनीतूनच फुटते असंही नाही. जुलै २०२५ मध्ये वीज नियामक आयोगाचा आदेश आला आणि दुसऱ्या दिवशी इंडियन एनर्जी एक्स्चेंजचा शेअर जवळपास ३० टक्के कोसळला. ऑक्टोबरात सेबीने अंतरिम आदेश काढून म्हटलं की काही लोकांना तो आदेश आधीच कळला होता, त्यांनी पुट ऑप्शन्स (शेअर पडला की फायदा देणारे सौदे) घेऊन ठेवले होते, आणि त्यांचे १७३ कोटी रुपये अडवून ठेवले. अंतरिम आदेश आहे, अंतिम नाही, पण तुम्हाला जी शंका येते ती सेबीलाही येते एवढं नक्की.

प्रश्न : जर्मनीतल्या बायर कंपनीवर तणनाशकामुळे कॅन्सर झाल्याच्या केसेस चालू आहेत असं वाचलं. माझ्याकडे बायर क्रॉपसायन्सचे शेअर्स आहेत, इथे ठाण्यातच ऑफिस आहे त्यांचं. विकू का? (ठाणे, घोडबंदर रोड)

उत्तर : त्या कारणासाठी नको. बायर क्रॉपसायन्स ही इथे लिस्ट झालेली वेगळी कंपनी आहे, तिचा ताळेबंद वेगळा, आणि अमेरिकेतल्या ज्युरीने जर्मन आईला ठोठावलेला दंड इथल्या मुलीच्या खात्यातून जात नाही. आईचे हाल मात्र खरंच झाले. जून २०१८ मध्ये तिने ते तणनाशक बनवणारी मोन्सँटो ६३ अब्ज डॉलरला विकत घेतली, दोनच महिन्यांत सॅन फ्रान्सिस्कोत पहिला निकाल आला, एका माणसाला २८.९ कोटी डॉलर द्या. शेअर १० टक्क्यांहून जास्त पडला. तो एकच निकाल पुढे अपिलात कमी होत होत दोन कोटींच्या आसपास आला, पण बाजाराला त्या एकाची काळजी नव्हतीच, मागे हजारो जण रांगेत उभे होते. २०२० मध्ये कंपनीने जवळपास ११ अब्ज डॉलरपर्यंतचं सेटलमेंट जाहीर केलं, तरी नवीन केसेस येतच राहिल्या, आणि मधे एक वेळ अशी आली होती की अख्ख्या बायरची बाजारातली किंमत तिने मोन्सँटोसाठी मोजलेल्या पैशांच्याही खाली होती.

तुमच्या शेअरला जे लागू होतं ते वेगळं आहे. त्या तणनाशकातलं ग्लायफोसेट आपल्याकडेही विकलं जातं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून ते फक्त परवानाधारक कीड नियंत्रण करणाऱ्यांनीच फवारायचं असं बंधन घातलं. असल्या आदेशाचा विक्रीवर किती परिणाम होतो ते तिमाही निकालांत आणि कॉनकॉलमध्ये (निकालानंतर कंपनी विश्लेषकांशी फोनवर बोलते ते) शोधा, तिथे कोणी ना कोणी विचारतंच. बाकी मक्याचं बियाणं किती खपलं आणि पाऊस कसा झाला यावर तो शेअर जास्त हलतो.